रात्री अकराला लाईट का जाते? उन्हाळा, डीपी आणि वाढती गरमी

अकोलेकर_वहिनी:

नमस्कार मंडळी. खूप दिवसांपासून हे विचारायचं मनात होतं, आता फेब्रुवारीतच दुपारचं ऊन डोक्याला लागायला लागलंय म्हणून आज लिहायला घेतलं. आम्ही अकोल्यात राहतो, जुनी वस्ती आहे, घरात सासूबाई आहेत ७९ वर्षांच्या, त्यांना बीपी आणि दमा दोन्ही. गेल्या मे महिन्यात आमच्याकडे लाईट जायची ती दिवसा नाही, रात्री. जेवणं आटोपून सगळे झोपायला गेले की साधारण अकरा साडेअकराला फटकन आवाज यायचा आणि सगळी गल्ली अंधारात, मग कधी तासाभरात यायची कधी पहाटे तीनला. एका रात्री सासूबाईंना ओली चादर गुंडाळून अंगणात खाटेवर बसवलं आणि मी आणि मुलगा आळीपाळीने पुठ्ठ्याने वारा घालत होतो, रात्री दीड वाजता सुद्धा घराच्या भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. त्यांचा श्वास लागला होता आणि रिक्षा कुठून आणायची कळत नव्हतं, त्या रात्री मी खरंच घाबरले.

लाईनमन दादा बिचारे येतात, खांबावर चढतात, म्हणतात ताई डीपीवर (म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड झालाय, आम्ही काय करणार. मी २००१ ला लग्न होऊन आले तेव्हा अख्ख्या गल्लीत एकच एसी होता, बाकी सगळीकडे कुलर, आणि रात्री गच्चीवर झोपायचं, पहाटे अंगावर चादर लागायची. आता पहाटे चारला सुद्धा वारा गरमच असतो, गच्चीवर झोपणं लोकांनी सोडूनच दिलं.

तर मला हे कळत नाही की ऊन दिवसा असतं मग लाईट रात्री का जाते? आणि हे सगळं हवामान बदलामुळे म्हणायचं की नुसते एसी वाढले म्हणून? मिस्टर म्हणतात सोलर लावून टाकू म्हणजे कटकट मिटली, पण खरंच मिटते का? कुणी लाईनीत काम केलेलं असेल तर प्लीज नीट समजावून सांगा, पुढचा उन्हाळा दारात आहे.

खांबावरचा_माणूस:

वहिनी, मी ३१ वर्षं लाईनवर काढली, आता रिटायर आहे, सगळी नोकरी आपल्या वऱ्हाडातच झाली त्यामुळे तुमची गल्ली न बघता पण मला दिसतेय.

आधी डीपीचं गणित बघा म्हणजे पुढचं सोपं जाईल. समजा तुमच्याकडे १०० केव्हीएची डीपी आहे (केव्हीए म्हणजे ती किती लोड उचलते त्याचं माप), तिच्यातून तीन फेज म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारा निघतात आणि घरं त्यांच्यावर वाटलेली असतात, तिचा फुल लोड एका फेजला १३९ अँपिअर, १४० धरून चाला. दीड टनाचा एसी चालू असताना ७ ते ८ अँपिअर ओढतो. म्हणजे एका फेजवर १८-२० एसी एकाच वेळी चालले की ती फेज तिथेच संपली, यात पंखे, फ्रिज, टीव्ही, पाण्याची मोटर काहीच धरलेलं नाही. डीपी बसवली तेव्हा घरागणिक दोन पंखे चार बल्ब एक कुलर असा हिशोब केलेला असतो आणि जुन्या वस्तीत डीपी वाढवायला जागाच नसते.

आता रात्रीच का. दुपारी माणसं दुकानात ऑफिसात, बेडरूम बंद. रात्री दहा ते एक मध्ये सगळ्यांच्या बेडरूमचे एसी एकदम लागतात. पण खरी गोष्ट त्याच्यापुढे आहे. पूर्वी एसी लावला की अर्ध्या तासात खोली गार होऊन कॉम्प्रेसर कट ऑफ व्हायचा, म्हणजे वीस एसी असले तरी एका क्षणाला दहा बाराच चालू, बाकीचे विसावलेले. आम्ही याला डायव्हर्सिटी म्हणायचो आणि सगळं नेटवर्क या डायव्हर्सिटीच्या भरवशावर उभं असतं. आता रात्रीचं तापमानच ३० च्या खाली येत नाही, भिंती आणि स्लॅब दिवसभर तापलेले, त्यामुळे कुणाचाच कॉम्प्रेसर थांबत नाही. वीस एसी म्हणजे वीसच चालू. हे मी माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठ दहा वर्षांत स्वतः बघितलं, तारेतला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला की रात्री साडेअकराचा करंट दुपारी तीनपेक्षा जास्त यायचा, आधी असं नव्हतं.

आणि डीपीला सुद्धा रात्र लागते. ट्रान्सफॉर्मरमध्ये ऑईल असतं, दिवसभर तापलेलं ऑईल रात्री थंड होतं, आतल्या कागदाच्या इन्सुलेशनला तेवढाच आराम मिळतो. आपल्याकडचे ट्रान्सफॉर्मर बनवताना धरलेलं असतं की बाहेरचं तापमान कधी ५० पर्यंत गेलं तरी चालेल पण दिवसरात्र मिळून सरासरी ४० च्या आत पाहिजे. दुपारी ४५ आणि रात्री २५ असेल तर ट्रान्सफॉर्मरला काही वाटत नाही. दुपारी ४५ आणि रात्री ३१-३२ झालं की सरासरी हद्दीच्या जवळ आली आणि वर ओव्हरलोड. आतलं तापमान ६-७ अंशांनी कायम वाढलेलं राहिलं तर इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं असा आमच्याकडे ठोकताळा आहे. म्हणजे आज नुसता फ्यूज उडतोय, उद्या डीपीच जळते.

तुमच्या इथे फटकन आवाज येतो तो बहुतेक डीओ पडल्याचा, म्हणजे डीपीच्या वर तिरपे लावलेले फ्यूज असतात ते. त्यात लाईनमनचा काही दोष नसतो, तो त्या गरम खांबावर रात्री दोनदा चढतो एवढं लक्षात असू द्या.

करण्यासारखं एकच सांगतो, पहिल्यांदा गल्लीतल्या सगळ्यांनी आपापला मंजूर भार बघा, बिलावर लिहिलेला असतो. बऱ्याच घरांत मंजूर भार एक किलोवॅट आणि घरात दोन एसी. कागदावर तुमच्या डीपीला लोडच दिसत नाही मग ती वाढवायची मंजुरी कशी मिळणार. भार वाढवायचा अर्ज करा, सगळ्यांनी मिळून सह्या करून डीपीचं लोड मोजून घ्यायला सांगा, तिन्ही फेजवर लोड सारखं वाटलंय का ते बघायला सांगा. पुष्कळदा एक फेज फुटायला आलेली असते आणि दुसरी रिकामी. आणि कृपा करून कुणाच्याही पोराला डीपीला हात लावू देऊ नका, काठीने डीओ बसवायला जाऊन माणसं गेलेली मी बघितलीत.

पुणे३०:

माफ करा पण प्रत्येक गोष्टीला क्लायमेट चेंज चिकटवायची फॅशन झालीये असं मला वाटतं. लोकांकडे पैसा आला, एसी हप्त्यावर मिळायला लागले, डीपी वाढवल्या नाहीत, विषय संपला. विदर्भात गरमी काय आज आहे का, नागपूरला २३ मे २०१३ ला ४७.९ होतं, आणि त्याच्याही आधी आमचे आजोबा वाळ्याचे पडदे लावून राहिलेच ना. दोन वर्षांपूर्वी तर नागपुरात ५६ डिग्री झालं म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरत होतं, नंतर हवामान खात्याने सांगितलं सेन्सर खराब होता. अशाने लोकांचा विश्वास उडतो.

ग्रीड_रात्रपाळी:

पुणे३० तुमचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे आणि तो आधीच मान्य करून टाकतो. विजेची मागणी जी वाढतेय त्यातला मोठा हिस्सा कमाई, घरं, एसी, कारखाने याच्यामुळेच आहे. ५६ डिग्रीचं पण बरोबर, मे २०२४ मध्ये एका ऑटोमॅटिक स्टेशनचं ते रीडिंग चुकीचंच होतं. पण त्याच आठवड्यात, ३० मे २०२४ ला, देशाची विजेची मागणी २५० गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) झाली, तो तेव्हापर्यंतचा विक्रम होता, आणि ते रीडिंग कुठल्या खराब सेन्सरचं नव्हतं, ती वीज प्रत्यक्ष बनवून दिलेली आहे.

मी लोड डिस्पॅचच्या कामात आहे, शिफ्टमध्ये बसून मागणी आणि पुरवठा सेकंदासेकंदाला जुळवायचा हे काम. तिथे बसलं की कळतं की गरमीचा प्रश्न नुसता मागणीचा नाहीये. ज्या दिवशी मागणी डोंगरावर चढते नेमक्या त्याच दिवशी वीज बनवणारी आणि वाहून नेणारी प्रत्येक गोष्ट थोडी थोडी लंगडी होते. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ओढ बसते, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

कोळशाचं वीज केंद्र घ्या. वाफ टर्बाइन फिरवून कंडेन्सरमध्ये परत पाणी होते, त्याला गार पाणी लागतं. कूलिंग टॉवरचं पाणीच गरम असेल तर कंडेन्सरमधला व्हॅक्यूम, म्हणजे वाफेला ओढून घेणारी पोकळी, कमी होतो आणि तेवढाच कोळसा जाळून कमी वीज निघते. आणि पाणी किती लागतं, तर जुन्या केंद्रांसाठी सरकारनेच २०१५ ला घालून दिलेली मर्यादा एका युनिटला साडेतीन लिटर आहे. वहिनी तुमचा एसी रात्रभरात ८ युनिट खात असेल तर कुठेतरी २८ लिटर पाणी वाफ होऊन गेलं असं धरा. २०१० च्या उन्हाळ्यात चंद्रपूरला इरई धरण आटलं आणि राज्यातल्या सगळ्यात मोठ्या केंद्राचे संच एकामागून एक बंद करावे लागले होते. कोराडीच्या नव्या संचांना आता नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून देतात ते काही हौस म्हणून नाही.

पॅनल घ्या. सोलर पॅनलची ताकद पॅनल २५ अंशाला असताना मोजलेली असते, तिथून वर प्रत्येक अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन कमी होतं. मे महिन्यात गच्चीवरचं पॅनल ६५ पर्यंत तापतं, म्हणजे १४-१६ टक्के तिथेच गेले, वर धूळ वेगळी. तार घ्या, गरम झाली की लांबते आणि झोळ पडून जमिनीकडे येते, म्हणून गरम दिवशी त्याच तारेतून कमी करंट सोडावा लागतो. आणि तुमचा एसी, बाहेर ३५ असताना तो जेवढ्या विजेत खोली गार करतो तेवढीच गार करायला बाहेर ४५ असताना बरीच जास्त वीज खातो कारण उष्णता ढकलायची कुठे तर त्या ४५ च्या हवेत.

क्लायमेटचा संबंध कसा लावायचा याबद्दल बोलायचं तर मार्च २०२२ हा कमाल तापमानाच्या हिशोबाने १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात गरम मार्च होता, आणि त्या मार्च एप्रिलच्या लाटेचा शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अभ्यास केला तेव्हा त्यांनी सांगितलं की माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे अशी लाट येण्याची शक्यता साधारण ३० पट वाढलीये. त्या एप्रिलमध्ये काय झालं आठवतंय का? मागणी लवकर चढली, २९ एप्रिलला २०७ गिगावॅट, केंद्रांवर कोळसा नव्हता, कोळशाच्या गाड्यांना रस्ता द्यायला पॅसेंजर गाड्या रद्द केल्या, बाजारात वीज १२ रुपये युनिटच्या वर विकायची नाही असं बंधन घालावं लागलं आणि ती १२ ला सुद्धा मिळत नव्हती, महाराष्ट्रात भारनियमन परत आलं. कोळसा कमी असण्याची कारणं वेगळी पण होती, मी सगळं उन्हावर ढकलत नाही, पण यंत्रणा मे महिन्याच्या तयारीत असताना मे महिनाच जर मार्चमध्ये आला तर काय होतं ते तिथे दिसलं.

आता रात्रीचं. दिवसा आपल्याकडे आता सोलर भरपूर आहे, जानेवारी २०२५ ला देशाची सोलर क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली, त्यामुळे दुपारची मोठी मागणी आम्ही बऱ्यापैकी निभावतो. संध्याकाळी साडेसहाला सूर्य जातो आणि मागणी मात्र जात नाही, उलट गरम रात्री ती अकरा बारापर्यंत वरच राहते. आमच्या भाषेत नॉन सोलर अवर्स, म्हणजे सोलर नसलेले तास, सगळी परीक्षा तिथे. पूर्वी आम्हाला संध्याकाळी दोन तीन तास काढायचे असायचे, कोयनेची पाण्याची वीज चालू केली की काम व्हायचं. आता पूर्ण रात्र काढायची असते. त्यामुळे वहिनी तुमची डीपी आणि आमचं ग्रीड (देशभरातल्या केंद्रांचं आणि तारांचं जाळं), दोघांची दुखणी सारखीच आहेत फक्त आकार वेगळा.

माजलगावकर:

साहेबांनी चंद्रपूर सांगितलं मी परळी सांगतो. आमच्या डोळ्यासमोर २०१३ च्या फेब्रुवारीत परळीचं थर्मल पाण्यावाचून पूर्ण बंद झालं, ११३० मेगावॅट, चिमणीचा धूर थांबला तेव्हा लोक चौकात उभं राहून बघत होते. माजलगाव धरणात पाणीच नव्हतं. २०१५ ला परत तेच, जुलैमध्ये, म्हणजे पावसाळ्यात बंद! कंत्राटी पोरं सगळी घरी बसली. पुढच्या वर्षी लातूरला रेल्वेने मिरजेहून पाणी आणावं लागलं. प्यायला पाणी नाही तिथं विजेला कुठून आणणार.

पण मला दुसरी गोष्ट सांगायचीये जी शहरातल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. तुम्ही लोक गरमी म्हणजे मे महिना धरता, आमचा विजेचा खरा उन्हाळा आता ऑगस्टमध्ये पण येतो. २०२३ चा ऑगस्ट आठवा, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता असं हवामान खात्याने सांगितलं, आमच्याकडं तीन आठवडे थेंब नाही, सोयाबीन फुलात आलेलं आणि रानाला भेगा. मग काय करणार, ज्याच्या विहिरीत बोअरात पाणी होतं त्यानं मोटर लावली. पावसाळ्यात ज्या मोटरी बंद असतात त्या सगळ्या मराठवाड्यात एकदम चालू झाल्या. व्होल्टेज एवढं पडलं की मोटर नुसती घुं घुं करायची, माझी स्वतःची एक जळाली, वाइंडिंगला साडेसहा हजार गेले आणि चार दिवस रांगेत कारण वाइंडिंगवाल्याकडं मोटरींचा ढीग लागलेला.

आणि पाणी दरवर्षी खाली चाललंय. वडलांच्या काळात विहिरीवर ३ एचपीची मोटर होती, आता बोअर ५०० फुटाचा आणि साडेसातची मोटर. पीक तेवढंच, रान तेवढंच, पण तेवढंच पाणी वर काढायला मोटर अडीच पट. पाऊस कमी झाला म्हणून वीज जास्त लागते, आणि पाऊस कमी झाला म्हणून धरणातली वीज पण कमी. एकच पाऊस दोन्हीकडून मारतो.

रात्रीच्या लाईटचं दुःख तुम्हाला आता कळतंय, आम्ही कितीतरी वर्षं एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री अशी चक्राकार लाईट काढली. रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन उसात जायचं, साप विंचू आणि आता बिबट्या. सोलर वाहिनीवर आमचा फीडर, म्हणजे सबस्टेशनहून शेतीला येणारी लाईन, गेल्यापासून दिवसा लाईट मिळतेय आणि खरं सांगतो घरातली बाई आता निवांत झोपते. एवढी एक गोष्ट मात्र चांगली झाली.

ग्रीड_रात्रपाळी:

दादा तुम्ही जे सांगितलं ना ते आमच्या स्क्रीनवर तसंच्या तसं दिसलं होतं. १ सप्टेंबर २०२३ ला देशाची मागणी २४० गिगावॅटच्या वर गेली, पावसाळ्यात! आमच्याकडे पावसाळा म्हणजे संच दुरुस्तीला काढायचा हंगाम असतो, पाऊस पडला की एसी पंप दोन्ही बंद आणि पाण्याची वीज स्वस्त. त्या वर्षी पंप चालू, एसी चालू, धरणं अर्धी, पवनचक्क्यांचा वारा पण ढिला. कोयनेचंच घ्या, १९६० मेगावॅटचा प्रकल्प आहे, बटण दाबलं की काही मिनिटांत वीज देतो, राज्याची संध्याकाळ त्याच्यावर तरते. पण त्याला वीज बनवून पश्चिमेकडे, कोकणाच्या बाजूला सोडायला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरलेलं आहे आणि धरण आहे १०५ टीएमसीचं. २०२३ ला धरण पूर्ण भरलंच नाही, मग सांगली साताऱ्याच्या शेतीला द्यायचं की वीज बनवायची अशी ओढाताण उन्हाळ्यापर्यंत चालली. आणि शेतकऱ्याला पाणी द्यायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही.

उलटं पण होतं. २०२५ ला सगळ्यांनी तयारी केली होती की देशाची मागणी २७० गिगावॅटला जाईल, आणि मे महिन्यातच पाऊस आला, मुंबईत मान्सून २६ मेला पोचला, मागणी २४३ च्या आसपासच थांबली. लोकांना वाटलं बरं झालं, गार झालं. पण ज्यांनी कोळसा भरून ठेवला, महाग वीज करार करून ठेवली त्यांचे पैसे अडकले आणि ते शेवटी तुमच्या आमच्या बिलातच येतात. पूर्वी आम्ही मागच्या दहा वर्षांचा मे बघून पुढचा मे सांगायचो, आता तसं करता येत नाही.

दापोलीकर_७१:

सगळे उन्हाबद्दल बोलतायत, आमच्या कोकणात विषय वाऱ्याचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या वाडीत त्या दुपारी तीन तासांत नारळी पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर खांब. सिमेंटचे खांब मधून मोडलेले, तारा बागेत, ट्रान्सफॉर्मर रस्त्यावर. आमच्या घरी लाईट यायला ३४ दिवस लागले. विहिरीतून पाणी रहाटाने, मोबाईल चार्ज करायला ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, आणि वर कोरोना. दुसऱ्या जिल्ह्यांतून लाईनमन मंडळी आली होती, शाळेत राहत होती, चिखलातून खांब खांद्यावर घेऊन डोंगर चढताना मी त्यांना बघितलं आहे, ते उपकार विसरणार नाही.

वर्ष पण झालं नाही तर मे २०२१ ला तौक्ते, आणि त्याच जुलैमध्ये चिपळूण महाड पाण्याखाली, सबस्टेशनमध्ये पाणी. २०१९ ला कोल्हापूर सांगलीत पण तेच झालं होतं. अरबी समुद्रात अशी मोठी वादळं आमच्या लहानपणी ऐकलेली नव्हती, समुद्राचं पाणी तापतंय म्हणून वादळं जोर धरतात असं सांगतात. लाईट लावायला जेवढा खर्च होतो तेवढाच ती परत परत उभी करायला होतोय. अलिबागला तारा जमिनीखालून घेतल्या, तसं सगळीकडे करा म्हणावं तर आमच्या जांभ्या दगडात खणायचा खर्च कोण देणार. निदान सबस्टेशन तरी पुराच्या रेषेच्या वर बांधा एवढं आम्ही दरवेळी सांगतो.

डॅलस_जोशी:

इथे अमेरिकेत बसून लिहितोय, २००९ पासून टेक्सासमध्ये आहे. साहेब जे म्हणाले की मागणी चढते त्याच तासाला पुरवठा पडतो, ते आम्ही थंडीत भोगलं. फेब्रुवारी २०२१, उणे १५ च्या खाली तापमान, सगळ्या घरांचे हीटर एकदम चालू आणि तिकडे गॅसच्या विहिरी आणि पाइप गोठले, वीज केंद्रांना गॅस मिळेना. लाखो घरं अंधारात, आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती, मुलीला गाडीत हीटर लावून बसवायचो, तेही गॅरेजच्या बाहेर नेऊन कारण आत धुराने माणसं मेली. सरकारी आकडा २४६ मृत्यूंचा आहे. नंतर कळलं की सगळं ग्रीड कोसळायला ४ मिनिटं ३७ सेकंद बाकी होती. त्या थंडीचा हवामान बदलाशी किती संबंध यावर इथले शास्त्रज्ञ अजून वाद घालतात म्हणून त्यात शिरत नाही.

पण एक गोष्ट तिथल्या लोकांना सांगावीशी वाटते. टेक्सासचं ग्रीड शेजारच्या राज्यांपासून जवळजवळ वेगळं आहे, त्यामुळे बाहेरून वीज आणता आली नाही. आपल्याकडे दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाला जोडलं गेलं ते ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर सोलापूर लाईनने. माझे काका सोलापूरचे, त्यांना या लाईनचं फार कौतुक होतं. आज राजस्थानच्या उन्हाची वीज दुपारी महाराष्ट्रात येते ती या सगळ्या तारांच्या जाळ्यामुळे.

नागपूर_रूफटॉप:

वहिनींच्या सोलरच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही म्हणून मी देते, माझं हेच काम आहे, गच्चीवरच्या सिस्टीम डिझाईन करते. सरकारी योजनेतून ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते, बिल नक्की कमी होतं, लावाच. पण साधी नेट मीटरिंगवाली (जास्तीची वीज लाईनीत देऊन बिलात वळती करणारी) सिस्टीम लाईट गेली की आपोआप बंद होते, भर दुपारी ऊन असलं तरी. तुमच्या पॅनलची वीज तारेत गेली आणि खांबावर लाईनमन काम करत असेल तर त्याचा जीव जाईल म्हणून ती मुद्दाम तशीच बनवतात. आणि रात्री तर प्रश्नच नाही. म्हणजे साध्या सोलरने बिल कमी होईल, रात्री अकराची लाईट जायची ती जाईलच. त्यासाठी हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी, आणि बॅटरीवर एसी रात्रभर ओढायचा तर खर्च फार वाढतो.

त्यापेक्षा पॅनलची सावली स्लॅबवर पडते तो फायदा धरा, वरची खोली त्याने बरीच कमी तापते. उरलेल्या गच्चीला पांढरा चुना नाहीतर कूल रूफचा रंग, हे मार्च संपायच्या आत करा, खर्च फार नाही आणि फरक रात्रीच कळतो कारण स्लॅब मुळात तापलाच नाही तर रात्री तो उष्णता सोडणार कुठून. पंखे जुने असतील तर ७५ वॉटचे काढून कमी वीज खाणारे बीएलडीसी मोटरचे लावा, ३० वॉटच्या आसपास घेतात, मग साधा इन्व्हर्टर पण दुप्पट वेळ पुरतो. एसी २०२० पासून चालू होतानाच २४ वर येतात, तो १८ वर नेऊ नका, २६ ला ठेवून पंखा लावा. आणि कुलर टाकून देऊ नका! वऱ्हाडातली कोरडी हवा कुलरसाठीच आहे, मोठा कुलर २०० वॉटच्या आसपास घेतो, एसीचा सात आठवा हिस्सा. फक्त सासूबाईंना दमा आहे तर वाळा जुना ठेवू नका, दर सीझनला बदला, टाकी साफ ठेवा.

पुणे३०:

मी वर जरा तावातावाने लिहिलं होतं. डायव्हर्सिटीचा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता, एसी तेवढेच असून रात्र गरम झाली की लोड वाढतो हे वाचून विचार बदलला. माझं म्हणणं एवढंच राहील की डीपी वेळेत वाढवणं हे काम कुणाचं तरी आहे आणि ते हवामानाच्या नावाखाली राहून जाऊ नये.

खांबावरचा_माणूस:

ते मात्र शंभर टक्के बरोबर बोललात.

अकोलेकर_वहिनी:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. दापोलीच्या दादांचे ३४ दिवस वाचून मला माझ्या रात्री आठवल्या आणि बोलायलाच काही सुचेना.

काल रविवारी मी आणि शेजारच्या दोघीजणी वही घेऊन घरोघर फिरलो. आमच्या डीपीवर ६८ घरं आहेत, एसी निघाले ५९. सगळ्यांची बिलं बघितली तर ४१ घरांचा मंजूर भार एक किलोवॅट किंवा त्याहून कमी, आमचाच एक होता! भार वाढवला तर बिलात काय फरक पडेल म्हणून काही लोक तयार नाहीत पण ५२ सह्या झाल्या. अर्ज उद्या देणार आहोत. चुन्याचं पण बोलून ठेवलंय, आमच्या आणि शेजारच्या दोन गच्च्या एकदमच करून घेऊ. सासूबाईंच्या खोलीतला पंखा बदलायचा आणि त्यावर एक छोटा इन्व्हर्टर, एसी त्यावर नाही. खांबावरचे काका, तुम्हाला अजून एक विचारायचं होतं, अर्जात नेमकं काय काय लिहायला सांगू?

खांबावरचा_माणूस:

शाब्बास वहिनी. अर्जात डीपीचा नंबर लिहा, पत्र्यावर रंगवलेला असतो, खालून वाचता येतो. गेल्या मे महिन्यात कुठल्या कुठल्या तारखेला किती वाजता लाईट गेली ते आठवेल तेवढं लिहा. लोड रात्री साडेअकराला मोजा असं स्पष्ट लिहा, नाहीतर माणूस सकाळी दहाला येऊन मोजेल आणि सगळं ठीक आहे म्हणून जाईल. फेजचं काम मार्चच्या आत करून घ्या, एप्रिल लागला की ब्रेकडाऊनमधून कुणाला फुरसत मिळत नाही. पोच घ्यायला विसरू नका, शिक्का आणि तारीख बघून घ्या.